पंडिताचा भाऊ

दादा बुडाल्यावर भेटायला आलेल्या मामांनी चहाचा कप माझ्या पुस्तकावर ठेवला. मध्ययुगात इजिप्तमध्ये राहिलेल्या एका ज्यू पंडिताचं ते चरित्र.

"यांचाही भाऊ समुद्रात गेला ना? तरी केवढे ग्रंथ लिहिले! ऊठ आता, पोरी."

माझं डोकं तापलं. लोक दुसऱ्याच्या दुःखाचीही छडी करतात. हिंदुस्थानाकडे निघालेलं त्या भावाचं जहाज बुडालं, तेव्हा पंडित वर्षभर तापाने अंथरुणात होता. पुढे म्हातारपणाकडे झुकतानाही भावाचं हस्ताक्षर दिसलं की त्याचं काळीज हलायचं. हे कुणी सांगत नाही. ग्रंथ तेवढे मोजतात.

मी कप उचलला. मुखपृष्ठावर ओलं वर्तुळ उमटलं होतं. ते पदराने पुसलं.

"मामा, तो आधी वर्षभर निजून होता. मलाही निजू द्या."