आप्पांच्या रॅकेटचा तडा

आमच्या हिला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत — ही एक सोडून. तुम्हाला का सांगतोय? कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि तुम्ही समोर बसलात.

नव्वदच्या दशकात नाशकात गटिंग म्हटलं की माझंच नाव निघायचं. गटिंग म्हणजे रॅकेटची जाळी विणणं; पूर्वी ती जनावराच्या आतड्याच्या तारेची असायची. ते मला उत्तम येतं — उगाच विनय कशाला? हिचं माहेर येवल्याचं, पैठणी विणणारं. सासऱ्यांना मी चिडवायचो, तुम्ही रेशीम ताणता, मी आतडी ताणतो! त्यात मी मुंबईहून ताण लावायचं मशीन आणलं. मग काय विचारता, आमचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच सुमारास इंदिरानगरच्या सुलभाताई वडिलांची लाकडी रॅकेट घेऊन आल्या. आप्पा तरुणपणी तिच्यावर जिल्हा जिंकलेले. आता गुडघे गेले होते, पण वाढदिवसाला नवी जाळी लावून ती हातात घ्यायची, अंगणात नातीला दोन चेंडू मारून दाखवायचे — म्हाताऱ्याची एवढीच हौस. देताना सुलभाताई सहज बोलून गेल्या, "प्रेस नाही हो राहिली. घर बदलताना तिचा स्क्रू गंजला होता, टाकून दिली." प्रेस म्हणजे लाकडी चौकट, रॅकेट वाकू नये म्हणून तिच्यात आवळून ठेवतात. मी रॅकेट काचेवर ठेवून पाहिली. सुतासारखी सरळ होती.

लाकडाला ताण कमी लावायचा, हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण क्लबातले दोघे-तिघे नवं मशीन बघायला आले होते. म्हटलं, बघा, लाकूडसुद्धा कसं टणटण वाजवतो! आणि लावला ग्रॅफाइटच्या रॅकेटचा ताण. उभी जाळी भरली, ते वाहवा करून गेले. आडवी ओवायला घेतली आणि आवाज आला — भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा. मानेपाशी तडा गेला होता.

संध्याकाळी सुलभाताई आल्या, बरोबर आप्पा. त्यांना दम निघत नव्हता. तेव्हा मी — सांगतोच आता — डॉक्टरसारखा चेहरा केला, रॅकेट उलटीपालटी केली आणि विचारलं, "ही प्रेसमध्ये नव्हती का?"

कळतंय ना? उत्तर मला माहीत होतं. त्यांनीच दिलं होतं.

"लाकूड आतून गेलेलंच होतं," मी म्हणालो. "माझ्याकडे आली तेव्हाच संपली होती."

सुलभाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. आप्पा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "सुलभे, एवढी एक वस्तू सांभाळायला दिली होती गं." आणि मला म्हणाले, "तुमचा काय दोष?"

तेव्हा बोलता आलं असतं की नाही? आलं असतं. फार तर चिडले असते. पण मशीन नवं, नाव मोठं — भ्यालो मी. एरवी कुणाच्या बापाला न भिणारा मी, त्या म्हाताऱ्याला भ्यालो.

आप्पांनी ती तडकलेली रॅकेट बाहेरच्या खोलीत टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "ही आमच्या कन्येची करामत!" सुलभाताई आत निघून जायच्या. एकदा हे माझ्यासमोर झालं. मी पोहे खात होतो. खातच राहिलो.

काही वर्षांनी आप्पा गेले. मी भेटायला गेलो. सुलभाताई म्हणाल्या, "शेवटी माणसं ओळखत नव्हते हो. पण रॅकेटकडे नजर गेली की मला बघून मान फिरवायचे."

आणि मी काय बोललो असेन? "ताई, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाकडूनही होते."

म्हणजे त्यांना माफ केलं. मी!

त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "तुम्ही मात्र तेव्हाही मला एका शब्दानं बोलला नाहीत."

मी चहा संपवला आणि उठलो.

त्यांच्या मुलीची रॅकेट गटिंगला माझ्याकडेच येते. खात्रीचा माणूस म्हणून. काम मी चोखच करून देतो. आप्पांची रॅकेट मी फोडली. सुलभाताई अजून इंदिरानगरातच राहतात, माझ्या दुकानापासून चालत जाण्याइतक्या जवळ.