बरं हाय म्हणणाऱ्या माणसाचा डिस्चार्ज

मला राग लवकर येतो आणि लवकर जातो. घरच्या माणसांना सवय झालीय. पण हा एक राग दोन वर्षं झाली तरी उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय. आधी माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल, ह्या ड्रायव्हरला डिप्रेशनमधलं काय कळतंय.

मला ते झालं होतं. लष्करात, शेवटच्या पोस्टिंगला. झोप उडाली. जेवण मातीसारखं लागायचं. बूट पॉलिशला बसलो की ब्रश हातात धरून तसाच बसून राहायचो. आमच्या सुभेदाराने ओळखलं आणि दंडाला धरून लष्कराच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर दक्षिणेकडचा, हिंदी माझ्याहून मोडकी. पण त्या माणसाने मला 'कसं वाटतंय' असं एकदाही विचारलं नाही. विचारायचा काय, तर पहाटे जाग किती वाजता येते. जाग आल्यावर पहिला विचार कसला येतो. डाळीत मीठ कमी असलं तर कळतं का. घरून फोन आला तर घ्यावासा वाटतो का. खुर्ची जवळ ओढून बसायचा आणि मी गप्प राहिलो तर तोही गप्प बसायचा, पण उठायचा नाही. अधिकाऱ्यांचा वॉर्ड वेगळा होता, तिथं पडदे होते, आमच्याकडं नव्हते. पण खुर्ची आम्हालाही होती. मी बरा झालो.

पेन्शनीत आलो आणि वाईला एका शाळेची बस चालवायला लागलो. बायकोपोरं तिथंच. थोरला भाऊ मात्र गावाकडं, जत तालुक्यात, मेंढरांमागं. आम्ही धनगर. माझा हा भाऊ म्हणजे मेंढीचं तोंड बघून ती कुणाची लेक आणि कुणाची नात ते सांगणारा माणूस. मला सगळी सारखीच दिसायची, म्हणून तो लहानपणी माझी लय टिंगल करायचा. म्हणायचा, तू फौजेतच जा गड्या, तिथं समद्यांना एकच कपडं असत्यात.

एक दिवस वहिनीचा फोन आला. "भावजी, ह्यांचं काय खरं न्हाई. मेंढरं सोडत्यात आन् हिरीच्या काठाला जाऊन बसत्यात. हाक मारली तर व्हय म्हणत्यात, पण उठत न्हाईत. मला भ्या वाटतंय."

मी चार दिवसांची रजा टाकून गेलो. गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं देवाचं राहिलंय. एकजण तर म्हणाला, काम कमी पडलं की माणसाला असली थेरं सुचतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. भावाला उचललं आणि सांगलीला एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात नेलं.

पिवळं रेशनकार्ड होतं, त्यामुळं सरकारी आरोग्य योजनेत बसलं, खालच्या मजल्यावर जनरल वॉर्ड मिळाला. बारा कॉट. डॉक्टर सकाळी यायचे, मागं शिकणारी चार पोरं. कॉटच्या पायाशी उभं राहून मोठ्यानं विचारायचे, "काय बाबा, कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"झोप?"

"हाय."

"जेवण?"

"हाय की."

लिहिलं, पुढची कॉट. पाणी प्यायलाही ह्याहून जास्त वेळ लागतो. बाराच्या बारा कॉटवर हेच चाललेलं, आणि त्या बारांतले निम्मे तरी आमच्याच भागातले.

आता आमच्याकडची रीत सांगतो, कारण सगळं तिथंच फसलं. आमच्याकडं कुणी 'कसं हाय' म्हणालं की 'बरं हाय' म्हणायचं. घरात मढं पडलेलं असलं तरी आलेल्याला पहिलं हेच. मग घोंगडं टाकायचं, पाणी द्यायचं, चहा व्हायचा. पावसाचं बोलणं होतं, मेंढरांचं होतं, पोरांच्या लग्नाचं होतं. आणि पाहुणा उठायला लागला, पायात चपला घालायला लागला, की मग माणूस खरं सांगतो. जो पाणीसुद्धा न घेता दारातून गेला, त्याला कोण काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांची सही हवी होती, तर सिस्टरनं मला वरच्या मजल्यावर पाठवलं. वर स्पेशल रूम. एका खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तेच डॉक्टर, पण खुर्चीवर बसलेले, खालच्या आवाजात बोलत होते. समोर एक बाई, साधारण पस्तिशीची, एका बड्या दुकानदाराची सून. हे मला नंतर लिफ्टमननं सांगितलं. ती काही बोलत नव्हती, नुसती पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. आणि डॉक्टर म्हणत होते, "काही घाई नाही. मी बसलोय. सावकाश सांगा. सकाळी उठल्यावर सगळ्यात जड काय वाटतं?"

मी चिठ्ठी धरून बाहेर अर्धा तास उभा होतो. त्या बाईवर माझा राग नव्हता, आजही नाही. तिचं दुःख खरंच होतं, मी ते आरशात पाहिलेलं आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती वेगळ्याच गोष्टीनं. ह्या माणसाला विचारता येत होतं. येत नसतं तर मी एक वेळ म्हणालो असतो, शिकला नसेल बिचारा. पण त्याला सगळं येत होतं, आणि जिना उतरताना तो ते वर ठेवून खाली येत होता.

डॉक्टर बाहेर आल्यावर मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, खाली माझा भाऊ आहे. त्यालाही असंच जरा बसून विचारा."

ते सही करत म्हणाले, "अहो, खाली बारा पेशंट आहेत. आणि ती लोकं बोलत नाहीत हो. तुमचा भाऊ तर बरा आहे म्हणतोय."

ती लोकं. मी फौजेत असतो तर काय केलं असतं माहीत नाही. चिठ्ठी घेतली आणि खाली आलो.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. कागदांवर सह्या झाल्या, पाकिटात गोळ्या मिळाल्या, एक महिन्याने दाखवा म्हणाले. भावाला गावी पोचवला, वहिनीच्या हातात पाकीट दिलं आणि रात्रीच्या गाडीनं वाईला परतलो, कारण सकाळी शाळेची बस होती.

बारा दिवसांनी त्यानं विहिरीत उडी घेतली.

टँकर भरायला आलेल्या दोघांनी दोर टाकून वर काढला. जिवंत. खांदा निखळला होता, बाकी काही नाही. वहिनी फोनवर रडत नव्हती, नुसतं म्हणत होती, भावजी, घिऊन जावा ह्यास्नी, माझ्यानं आता राखण हुईत न्हाई.

मी त्याला वाईला आणला आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात. खरं सांगायचं तर नाइलाजानं. भिंतींना पोपडे, रांग व्हरांड्याबाहेर. म्हणलं, खासगीवाल्यांनी हे दिवे लावले, इथं काय होणार. आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टर बाई होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "कसं आहे, काका?"

"बरं हाय."

माझ्या तोंडावर शिवी आली होती. पण बाईंनी काही लिहिलंच नाही. पेन खाली ठेवलं, शिपायाला चहा सांगितला आणि केसपेपरवरचा 'मेंढपाळ' शब्द बघून विचारलं, "मेंढरं किती आहेत? यंदा कुठवर नेली?" भाऊ तुटक तुटक बोलू लागला. कुठल्या माळाला चारा होता, कुठं नव्हता. बाहेर रांग कुरकुरत होती, बाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि काका, मेंढरं ओळखू येतात का पूर्वीसारखी?"

माझ्या भावानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "न्हाई बाई. समदी सारखी दिसत्यात. कोकरू कुणाखाली लावायचं त्ये कळंना. भलत्याच मेंढीखाली लावलं, तिनं पाजलं न्हाई. दोन कोकरं मेली माझ्या हातनं." आणि मग म्हणाला, "तवा वाटलं, आता आपलं काय काम हितं."

मी शेजारी बसलो होतो. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

बाईंनी सरळ विचारलं, "मरावं असं अजून मनात येतं?"

"येतं. कालबी आलं."

त्यांनी त्याच वेळी दाखल करून घेतलं. एक दिवसाआड येऊन बसायच्या, खुर्ची नसली तर कॉटच्या कडेला. गोळ्या तीनदा बदलल्या. वहिनीला बोलावून सगळं समजावलं, कधी घाबरायचं, कुणाला फोन करायचा. मी एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळलं मेंढरांचं विचारायचं? म्हणाल्या, "ह्या भागातली माणसं 'बरं हाय' म्हणतात ते उत्तर नसतं, तो नमस्कार असतो. चार वर्षं काढली की कळतं." म्हणजे कळतं. ठरवलं तर कळतं. भाऊ दोन महिन्यांनी घरी गेला. अजून गोळ्या घेतो, आणि मेंढरं बरीचशी ओळखतो.

तो घरी गेला त्याच आठवड्यात मी सांगलीला गेलो. खिशात तक्रारअर्ज होता, दोन पानी. त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन जे बोलायचं होतं ते सगळं बोललो, आवाज चढवून. तुम्ही वर बसता, खाली उभे राहता. माझा भाऊ विहिरीतून काढावा लागला. बाहेरची माणसं दारात गोळा झाली. डॉक्टर शांत होते. त्यांनी फाइल मागवली, एक कागद काढला आणि माझ्याकडं फिरवला.

छापील कागद होता, सगळ्यांना तोच देत असणार. 'रुग्णास बरे वाटत आहे. नातेवाइकांनी स्वतः विचारपूस करून खात्री केली आहे. त्यांच्या इच्छेने घरी सोडण्यात येत आहे.' खाली माझी सही. माजी हवालदार, असं कंसात लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.

न वाचता केली होती, असं मी म्हणू शकलो असतो. पण वाचून तरी काय फरक पडला असता? दोन रात्री मी त्याच्या कॉटखाली चादर टाकून झोपलो. पहाटे जाग येते का, चव लागते का, पहिला विचार कसला येतो, सगळे प्रश्न मला तोंडपाठ होते. त्यांनीच मला वाचवलं होतं. आणि मी रोज सकाळी चहा आणून त्याला एवढंच विचारलं, कसं हाय. तो बरं हाय म्हणाला की मला हायसं वाटायचं, कारण रजा संपत आली होती.

डॉक्टर म्हणाले, "आता बोला."

मी कागद परत दिला. बाहेर येऊन एसटी स्टँडच्या बाकावर बसलो आणि अर्ज पहिल्यापासून नव्यानं लिहिला. त्यांच्याबद्दलचं एक अक्षरही कमी केलं नाही. फक्त 'तक्रार कोणाविरुद्ध' ह्याच्यापुढं आधी माझं नाव घातलं, आणि त्याखाली त्यांचं.