काठीपासून लांब गेलेला पंडित

आख्ख्या कोळवण खोऱ्यात इंग्रजी शब्दांची कुळी सांगणारा माणूस एकच झाला आणि तो माझा मामा होता, हे मी छाती पुढे काढून लिहितो. पुण्यात मिशनच्या छापखान्यात तो वीस वर्षं शिशाच्या उलट्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. शब्द उलटे वाचून वाचून त्यांची मुळं दिसायला लागतात, असं त्याचं म्हणणं. गावी परतल्यावर भात लावताना, न्हाव्यापुढे बसल्यावर, अगदी मयतीला गेल्यावरसुद्धा तो एखादा शब्द सोलून दाखवी. त्यात त्याचा लाडका ‘कॅननिस्ट’, म्हणजे चर्चच्या कायद्याचा पंडित. एका पाद्र्याने तो त्याला उलगडून सांगितला होता. “आधी ग्रीकांकडं बोरूचं कांडं,” मामा सांगे, “मग मापायची सरळ काठी, काठीवरनं नियम, आन् नियमावरनं पंडित. काठीपास्नं जितका लांब, तितका मोठा पंडित.” लोक हसत. मीही हसायचो.

स्वातंत्र्याला दहा वर्षं होऊन गेली तरी आमच्या गावात धनगरांच्या मेंढरांना तळ्यावर बंदी होती. देवळापासून दहा काठ्यांच्या आत जनावर नको, असा जुना नियम, आणि तळं त्या हद्दीत येतं, असं देवस्थानचे पंच सांगत. त्या उन्हाळ्यात ओढा आटला. काशीबाई धनगरणीची दोन कोकरं तहानेनं मेली. मी पेटलो आणि पंचांचा धिक्कार करणारं पत्रक लिहिलं. मामाने ते जुन्या सवयीने शेवटच्या ओळीपासून वर वाचत नेलं. म्हणाला, “अन्याय चार येळा लिवलास लेका. अंतर येकदा तरी मोजलंस का?”

मोजलं नव्हतं. पणज्यापासून कुणीच मोजलं नव्हतं. मामाने देवळाच्या माळ्यावरची पाच हात पाच मुठींची मापाची वेळूची काठी उतरवली आणि गावादेखत पंचांच्या हाती दिली. “तुमीच मापा. नियम तुमचा, काठी बी तुमची.” पंच उंबऱ्यापासून काठी टाकत निघाले. दहावी काठी चिंचेखालीच संपली. तळ्याची पायरी अजून दोन काठ्या पुढे होती. त्यांनी पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं. काशीबाईने मेंढरं पाण्यात घातली. “माज्या सासऱ्यानं जलमभर लांबनंच बघितलं हे पानी,” एवढंच ती बोलली.

असला नियम मोडायलाच हवा, असं मला आजही वाटतं. तळं आठ काठ्यांवर निघालं असतं तर, असं मी मामाला चिडून विचारलं होतं. तो म्हणाला, “तर तुजं पत्रक मीच जुळवलं असतं.”

मामा जाऊन तीन वर्षं झाली. आता पत्रक लिहिण्याआधी मी देवळातली काठी मागून घेतो, जागेवर जातो, मोजतो. मग घरी येऊन लिहितो. शेवटच्या ओळीपासून वाचणारं मात्र घरात कुणी नाही.