ओल्या गोणपाटावरचे शंभर दाणे

आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. वडील नांदेडकडच्या एका खेड्यात पिठाची गिरणी चालवायचे आणि मी एसटीनं जाऊन-येऊन नांदेडला वनस्पतीशास्त्रात बीएस्सी केलं. निकालाच्या दिवशी वडिलांनी गिरणी बंद ठेवली. बायका दळणाचे डबे तसेच परत घेऊन गेल्या आणि पुढं महिनाभर त्याबद्दल बोलून दाखवत होत्या.

लग्न होऊन अहमदपूरला आले. सासरी बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच विचारलं होतं, "पोरीची डिग्री सायन्सची हाय न्हवं?" सासऱ्यांना घरी-दारी सगळे अप्पा म्हणतात. मला वाटलं, चला, शिकलेल्या सुनेची कदर करणारं घर मिळालं. फवारणीची औषधं विकायच्या परवान्याला सायन्सचा पदवीधर दाखवावा लागतो, हे लग्नानंतर कळलं. दुकानाचे सगळे परवाने माझ्या नावावर निघाले. माझं प्रमाणपत्र चौकटीत बसवून दुकानात लावलं, देवाच्या फोटोशेजारी. मी मात्र दुकानात बसायचं नाही. चहाचा ट्रे घेऊन मधल्या दारापर्यंत जायचं, तिथून परत.

मुलगी दुसरीत असताना कोरोनात शाळा बंद झाल्या. शाळेनं मोबाइलवर वर्ग सुरू केले, पण घरातला धड चालणारा मोबाइल नवऱ्याबरोबर दुकानात असायचा. मग मी म्हणाले, मोबाइल राहू द्या, मी शिकवते. आणि शिकवलं. तोपर्यंत ती डिग्री भिंतीवरच लटकत होती. ती पहिल्यांदा माझ्या हातात आली असं मला तेव्हा वाटलं.

पुस्तक होतंच, पण पुस्तकाला जोड घरातल्या वस्तूंची. टिपकागदाला हळद लावून वाळवायची आणि त्याच्यावर साबणाचं पाणी, लिंबू, चुन्याची निवळी टाकून बघायची. दुधाला एकाच वेळी विरजण लावून एक वाटी चुलीजवळ, एक माठाशेजारी, एक फ्रिजमध्ये. दुकानातल्या रिकाम्या डब्यांवरचे रंगीत त्रिकोण ती मधल्या दारातूनच वाचायला शिकली. लाल म्हणजे जहाल विष, मग पिवळा, निळा, हिरवा. एकदा तिनं आजीच्या तपकिरीच्या डबीवर लाल त्रिकोण काढून ठेवला. सासूबाई दिवसभर धुसफुसत होत्या.

"पोरीला शिकवलालीस का माझी भांडी नासवलालीस गं?"

"दोन्ही एकदमच होतंय, आत्या."

शाळा उघडल्या तरी तिला वर्गात पाठवायला माझं मन होईना. पहिल्या आठवड्यातच तिथं फळ्यावरचं उतरवून घेणं सुरू झालं होतं आणि ती घरी येऊन विचारायची, "आई, उतरवून झाल्यावर बघायचं कधी?" नाव शाळेत राहू द्यायचं, परीक्षेला जायचं, शिकायचं घरी, असं मी ठरवलं. शाळेनंही हरकत घेतली नाही. पट भरलेला असला की त्यांचं भागत होतं. नवरा हो म्हणाला. अप्पांनी मात्र अट घातली.

"पाचवीपर्यंत घे हौस फेडून. पोरगी मागं पडलालीय असं दिसलं की लातूरला टाकायची हॉस्टेलात. मग रडायचं न्हाई."

मी म्हणाले, नाही पडणार मागं. पडलीही नाही. परीक्षेत ती वर्गातल्या मुलांच्या पुढंच असायची.

पाचवीचा निकाल लागला आणि मृगाच्या तोंडावर सहावीची शेकडेवारी शिकवायची होती. दुकान बियाणाचं, धडा समोर येऊन बसलेला. आमच्याकडं शेतकरी घरचं सोयाबीन पेरण्याआधी उगवण बघतात. गोणपाट ओलं करायचं, त्याच्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वरून पाणी शिंपडत राहायचं. चार-पाच दिवसांनी उलगडून मोड मोजायचे. जेवढे मोड तेवढे टक्के. याहून सोपी शेकडेवारी कुठल्या पुस्तकात आहे?

मुलीनं दोन गुंडाळ्या केल्या. एक दुकानात पुढं रचलेल्या नव्या थैलीतल्या दाण्यांची. दुसरी मागच्या गोदामातल्या, उंदरानं कोपरा कुरतडलेल्या थैलीतली. गोदामातल्या थैल्या गेल्या हंगामातल्या उरलेल्या होत्या, पत्र्याच्या भिंतीला टेकवून छतापर्यंत रचलेल्या. पुढच्या थैलीतले ऐंशीच्या वर उगवले. मागच्या थैलीतले निम्मेही नाहीत. काही दाणे तर नुसते कुजून चिकट झाले होते.

"माझं काहीतरी चुकलं," ती म्हणाली.

"मग परत कर."

तिनं परत केलं. तेच आलं. मग आम्ही दोघी गोदामात जाऊन पत्र्याला हात लावून आलो. तिनं हात झटकन मागं घेतला. सोयाबीनची साल पातळ असते, थैली आपटली, वर ओझं पडलं, ऊन लागलं की आतला अंकुर मरतो, हे मी तिला सांगितलं. ती थैल्यांकडं बघत म्हणाली, "म्हणजे बाहेरनं सगळे दाणे सारखेच दिसतात." माझ्या सगळ्या शिकवण्यात एवढी मोठी गोष्ट मी तिला सांगू शकले नव्हते. ती तिची तिला सापडली.

नवऱ्याच्या कानावर मी त्याच दिवशी घातलं. तो म्हणाला, "बघू. अप्पाला सांगतो." त्याचं 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं.

पुढच्या दोन दिवसांत पेरणीची गर्दी उसळली. दुकानापुढं मोटारसायकली, टेम्पो, ओरडाआरडा. मुलगी पायरीवर बसून दुसऱ्या वेळच्या दोन्ही गुंडाळ्या परत उलगडून मोजत होती. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातले म्हातारे शेतकरी, आमचे जुने गिऱ्हाईक, तिच्यापुढं वाकून म्हणाले, "काय गुंडाळलीस गं माय? पुरणपोळ्या हायत का?"

"सोयाबीन आहे, आजोबा. उगवण बघतेय."

"आरं वा! मग किती उगवलं बियाणं तुमचं?"

तिनं सांगितलं. जसं मला सांगायची तसं, बोट ठेवून, ओळी मोजून. "हे पुढच्या थैलीचं, हे चांगलंय. हे मागच्या गोदामातलं, हे निम्मं पण उगवत नाही. तुम्ही पुढचं घ्या, आजोबा."

काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. मग मागून कुणीतरी हसत म्हणालं, "अप्पा, आमाला बी पुढचंच द्या की. मागचं तुमच्या रानात पेरा." सगळे हसले. अप्पाही हसले. "लेकरू हाय ओ, खेळलालंय," म्हणाले आणि त्यांनी म्हाताऱ्याला पुढची थैली स्वतः उचलून दिली.

दुपारी शटर अर्धं ओढून अप्पा आत आले. मी ताटं मांडत होते. मुलगी माझ्या शेजारी वाट्या पुसत होती.

"हेच शिकवलीस व्हय इतकी वर्षं?"

"खोटं शिकवायचं होतं का, अप्पा?"

"खोटं कोण म्हनलालंय? घरातलं घरात ठेवावं, एवढं बी शिकवता येईना तुला? वर तोंड करून डिग्री सांगतीस."

"त्या थैल्या विकू नका. ज्याच्या रानात उगवणार नाही त्याचं वर्ष जातंय."

तेव्हा ते हळू आवाजात बोलले. अप्पा आवाज खाली आणतात तेव्हा जास्त बोचतं. "परवाना कुनाच्या नावावर हाय? तुझ्या. उद्या चौकशी आली तर साहेब कुनाला इचारंल? तुला. मग बोल की. बोंबल की चौकात जाऊन."

नवरा एव्हाना ताटावर बसला होता, भिंतीकडं बघत जेवत होता. मी म्हणाले, "अहो, तुम्ही तरी बोला." तो म्हणाला, "भाजी वाढ."

मुलगी वाटी पुसायची थांबली होती. तिनं विचारलं, "मी मोजताना चुकले का?" अप्पांनी ताट पुढं ओढलं. मी म्हणाले, नाही, तू बरोबर मोजलंस. पण त्या घरात तेव्हा माझ्या बोलण्याला वजन किती होतं, हे तिला दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून प्रमाणपत्र काढून आणलं आणि माझ्या ट्रंकेत टाकलं. दोन दिवसांत परवान्याच्या फायलीतली त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून त्याच खिळ्याला लागली. गोदामातल्या थैल्या रस्त्याकडच्या दारानं न जाता मागच्या दारानं टेम्पोत चढल्या, देवणीकडच्या एका दुकानदाराला. पाहुण्यांना सांगितलं गेलं, "पोरगी घरात बसून मागं पडलालीय, लातूरला टाकायची." तिच्या निकालाचा कागद सासूबाईंच्या हातात होता, तरी त्यांनीही हो म्हणून मान हलवली.

लातूरचा तो भाग ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. एकेका इमारतीवर पोरांच्या फोटोंचे फलक, फोटोखाली मार्क, मार्कांखाली मोबाइल नंबर. सहावीपासूनच डॉक्टरकीची तयारी. वसतिगृहाच्या खोलीत चार पलंग, खिडकीला जाळी. रविवारी फाटकाबाहेर आम्ही आया डबे घेऊन उभ्या राहायचो. सगळ्या एकमेकींना एकच विचारायच्या, "तुमचीचा रँक किती?" पहिले काही रविवार मी डब्याचं झाकण परत परत घट्ट करत राहिले.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मुलगी डब्यातली धपाटी खात म्हणाली, "मला इथं बियाणंवाली म्हणतात."

"का गं?"

"सरांनी गणित घातलं होतं. एका थैलीत इतके दाणे, त्यातले नव्वद टक्के उगवले तर किती उगवले. मी विचारलं, थैली कुठं ठेवली होती?" ती हसली नाही. "सगळे हसले. सर म्हणाले, उत्तर काढ, शेती करू नको."

"मग?"

"मग काढलं. मग कधीच विचारलं नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं खांदा जरा बाजूला घेतला, कारण मैत्रिणी बघत होत्या. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, तिला परत आणा, मी तुमच्या दुकानाच्या दारात पाऊल ठेवणार नाही, तीही ठेवणार नाही. तो म्हणाला, "नंबर यायलालाय तिचा. आता कशाला मोडतीस?" नंबर येत होता हे खरंच होतं. पहिल्या सहामाहीत ती वर्गात तिसरी आली. अप्पांनी दुकानात पेढे वाटले. ज्या मुलीला मी पायरीवर बसून मोजायला शिकवलं, तिच्या हुशारीचे ते पेढे होते, पण श्रेय लातूरला गेलं.

पेरणीनंतर देवणीकडून काही बातमी येईल, या धास्तीनं मी कान लावून होते. आली नाही. कुठल्या तरी रानात बी उगवलं नसेल, कुणीतरी दुबार पेरलं असेल, आणि पाऊस कमी पडला, खोल पेरलं गेलं, असं कुणीतरी त्याला समजावून सांगितलं असेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी घरी आली. उंच झालेली, केस कापलेले, बोलणं झटपट. तोंडी हिशोबाला पक्की म्हणून अप्पांनी यंदा तिला काउंटरवर बसवलं, पावत्या करायला. त्याच दुकानात, जिथं मला बारा-तेरा वर्षांत बसू दिलं नव्हतं. ती खूश होती. मी काय बोलणार?

सुट्टी संपता संपता, मृगाचा पाऊस झाल्यावर, एक बाई आल्या, एकट्या, पदर खोचलेला, पायाला ओली काळी माती. त्यांना एकच थैली पाहिजे होती. अप्पांनी गड्याला मागच्या गोदामातून आणायला सांगितलं; तिथं यंदाही गेल्या हंगामातल्या उरलेल्या थैल्या पत्र्याला टेकून होत्या. बाईंनी थैलीवर हात फिरवला आणि मुलीला विचारलं, "उगवंल का गं माय हे? मागल्या साली लई फसले मी."

मी मधल्या दारात होते. मुलीनं पावतीवरून मान वर केली नाही.

"उगवंल की मावशी. कंपनीचं आहे. खोल पेरू नका फक्त."

अप्पांनी मांडीवर थाप मारली. "बगा! ह्याला म्हंत्यात लातूरचं शिक्षण!"

मी उंबरा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकं असताना दुकानात गेले. बाईंना म्हणाले, "मावशी, चार-पाच दिवस थांबता येईल का? शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून बघा आधी. उगवले तर पेरा. नाही उगवले तर थैली परत आणा, मी घेते."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, मग पावती फाडणाऱ्या मुलीकडं. त्यांना काउंटरवरची माणसं खरी वाटली. "कुठं थांबू बाई," त्या म्हणाल्या, "वापसा झालाय. ओल निघून जाईल. औत पण उसनं आणलंय." आणि त्यांनी थैली डोक्यावर घेतली.

अप्पांनी गल्ला ओढून पैसे आत टाकले. त्यांना बोलायची गरज पडली नाही. मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. मान खाली घालूनच ती मला म्हणाली, इतक्या हळू की फक्त मला ऐकू यावं, "आई, तू आत जा ना."

मी गेले नाही. तिथंच उभी राहिले. तिनं पेन हातात घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमचं काय होतं, काका?"