मुरमाच्या चढावरचा मंगरू ड्रायव्हर

डोंगरातल्या रस्त्यानं मोटर चालली की तुम्ही खिडकीला नाक लावून बसता. दरी आली की शेजाऱ्याला कोपर मारून दाखवता. आता सांगा, मोटर हाकणाऱ्या माणसाला ती दरी दिसत असेल की नाही? आणि दिसत असेल, तर तो तिचं काय करत असेल?

मला हे कोणी त्रेपन्न सालाआधी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दरी बघायचा पगार मालक देत नाही. आम्ही तेव्हा वर्ध्यात मोटर कामगारांची युनियन बांधत होतो. नालवाडीला लिंबाखाली सभा व्हायची, आणि सभेत माणसं आपल्या कामाबद्दल जे बोलायची त्यात दरी कुठंच नव्हती. त्यात फुटके टायर होते, मालकाच्या शिव्या होत्या आणि मुरमाचा चढ होता.

तर मंगरू उईके. जातीनं गोंड, आर्वीच्या वर डोंगरात सालईबर्डी आहे तिथला. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधत आणि तिच्या गॅसवर मोटर हाकत. त्या भट्टीत कोळसा टाकायला म्हणून हा पोरगेल्या वयात मोटारीवर चढला आणि लढाई संपल्यावर सरकत सरकत पुढच्या सीटवर येऊन बसला. मालक सदाशिवराव. हिंगणघाटच्या सपाट लाइनीवर त्यांच्या बऱ्याच मोटारी, आणि वर्धा ते सालईबर्डी या घाटाच्या सर्व्हिसला दोन. एक मोटर कायमची मंगरूची.

अंगानं काटक, मिशी कोरलेली, डोक्याला तेल असं की माशी बसली तर घसरावी. खाकी कोटाची वरची गुंडी भर उन्हाळ्यातही लावलेली. भोंग्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. कुण्या पॅसेंजरानं लावलाच तर म्हणे, "तुह्या बायकोले हाक मारायले ठेवला का तो?" लोक हसायचे. त्याला मात्र हसू येत नसे.

आमचे डोंगर म्हणजे काही सह्याद्री नव्हे. पुण्याकडचा माणूस आला तर त्यांना टेकाड म्हणेल, म्हणू दे. पण सालईबर्डीच्या अलीकडे जो मुरमाचा चढ आहे तो त्यानं एकदा जुन्या ब्रेकाच्या मोटारीत चढून दाखवावा. लाल मातीचा अरुंद रस्ता, एका अंगाला उभा खडक, दुसऱ्या अंगाला सागाच्या शेंड्यांवर नजर जाईल इतकी खोल दरी. भरलेली मोटर तिथं चढत नसे. म्हणून चढाच्या पायथ्याला क्लीनर ओरडायचा, "उतरा." सगळे पॅसेंजर उतरून पायवाटेनं वर जायचे. मोटर रिकामी चढायची. क्लीनर मागून लाकडाचा ठोकळा घेऊन चालायचा, मोटर मागे सरकली तर चाकाखाली टाकायला.

दुसऱ्या मोटारीवर सदाशिवराव शिक्षेचा माणूस पाठवत. कुणी उलटून बोललं की घाट. युनियनची पावती फाडली की घाट. हिंगणघाटच्या सपाट रस्त्यावर जन्म काढलेल्या पुंडलिकरावाला असंच धाडलं. मुरमाच्या चढावर त्याची मोटर मागे आली, खडकाला अडली म्हणून जीव वाचला, पण खांदा गेला. त्यावर आम्ही मागणी केली: घाट सगळ्यांना पाळीनं. हा महिना दोघांना, पुढचा महिना दुसऱ्या दोघांना. मालकाच्या मर्जीनं कोणी जायचं नाही आणि कोणी राहायचंही नाही.

सदाशिवराव काय म्हणाले असतील? म्हणाले, मंगरू इतकी वर्षं घाट चालवतो, त्यानं कधी हूं की चूं केलं नाही, तुमचेच लोक नाजूक. मंगरूनं चढ जड आहे म्हणून माझ्या तोंडावर सांगावं, मी पाळी मान्य करतो.

मी दुसऱ्या दिवशी मंगरूच्या मोटारीत बसलो. साक्षीला तयार करायचं तर आधी माणूस बघावा.

चढाच्या पायथ्याशी "उतरा" झालं, सगळे उतरले. मी उतरलो नाही. तिकीट पूर्ण रस्त्याचं काढलं होतं. जंगलू क्लीनर, मंगरूहून वयानं मोठा आणि पिकल्या केसांचा, ठोकळा खांद्यावर घेऊन खिडकीपाशी आला. म्हणाला, "भाऊ, मोटर मांगं आली तं तुमच्यासाठी वेगळा ठोकळा नाई माह्यापाशी." मी म्हटलं, नसू दे. मंगरूनं माझ्याकडे पाहिलं आणि कोटाची वरची गुंडी सोडली.

मग मोटर चढायला लागली. मार्गशीर्ष होता, सागाची गळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. मी मंगरूकडे बघत होतो. वळणावर तो रस्ता बघायचा, नुसता रस्ता. वळण सुटून मोटर सरळ झाली की एक नजर दरीत टाकायचा आणि परत रस्त्यावर आणायचा. दर वळणाला असंच. आईनं भाकर थापता थापता पाळण्याकडं बघावं तसं. इंजिन कण्हत होतं आणि त्याचा चेहरा मात्र जेवून उठलेल्या माणसासारखा होता.

वर पोचल्यावर त्यानं मोटर बंद केली. इंजिन थंड व्हायला थांबावंच लागतं, आणि पॅसेंजर यायला वेळ होता. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "घडीभर बोलू नका, भाऊ."

मला आजवर असं कोणी म्हटलं आणि मी ऐकलं, असं झालेलं नाही. त्या दिवशी ऐकलं. तापलेलं लोखंड थंड होताना टिकटिक वाजत होतं, तेवढाच आवाज. सालईच्या पांढऱ्या बुंध्यावर दोन वानरं ऊन खात बसलेली. खाली वेचणी झालेली पराटीची, म्हणजे कपाशीची, वावरं, त्यापलीकडे आर्वीच्या जिनिंगचा धूर, आणि अगदी कडेला वर्धा नदी, वाळत घातलेल्या धोतराच्या काठासारखी.

शेवटी तोच बोलला. "आर्वीपासून लोकं मले सांगत येतात. हळू चालव, जोरानं चालव, इथं थांब, माही बकरी घे. इथं कोणी काई सांगत नाई. रस्ता मुडला की मी मुडतो. बस."

मग मी त्याला मागणी सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग घाट माह्याकून जाईन?" मी म्हटलं, पाळी आली की येईल. दहा ड्रायव्हर, घाटाला दोघं, म्हणजे पाचव्या महिन्याला तुझा. बाकी वेळ हिंगणघाटची लाइन. तेवढ्यात पॅसेंजर धापा टाकत आले आणि त्यानं गुंडी लावून घेतली.

रविवारी तो वर्ध्याजवळ पिपरी मेघ्यातल्या त्याच्या खोपटात भेटला. त्याची बायको भागाबाई चहा ठेवत होती. घाटाचं नाव निघालं तशी म्हणाली, "भाऊजी, सवत बरी. सवत घरात पाणी तरी भरते. हा घाट काईच करत नाई, अन् माणूस रात्री तिथंच मुक्कामाले." तिला हिंगणघाटची लाइन हवी होती. नवरा रोज घरी येईल, आणि दिवसभर पुंडलिकरावाचा खांदा डोळ्यापुढं येणार नाही.

मंगरूनं तिचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "बाकीच्यांले पाळी लावा ना. मले काऊन? मी खुशीनं करून राह्यलो."

इथं माझं डोकं तापलं. मी म्हटलं, खुशी हा शब्द सदाशिवरावापुढं काढू नको. आज तू खुशीनं घाटावर राहिलास की उद्या तो पुंडलिकरावालाही खुशीनं पाठवेल. उपाशी माणसाकडून कोणतीही खुशी लिहून घेता येते. तुझी खरी आहे, ठाऊक आहे मला, मी डोळ्यानं पाहिली. पण खरी खुशी आणि पिळून काढलेली खुशी मालकाच्या कागदावर सारखीच दिसते. एकाला सोडलं की मागणीला भोक पडलं.

 चहा पिऊन मी निघालो तेव्हा तो काय सांगणार हे मला माहीत नव्हतं. मागणी बरोबर होती, आजही मी तेच म्हणेन. पण बरोबर मागणीसाठी एका माणसाकडून त्याची एकुलती एक आवडती गोष्ट मागायची, हे काम जिभेला सोपं जात नाही.

सदाशिवरावांच्या मोटारींच्या शेडमध्ये सगळे जमले. मालक खुर्चीवर, आम्ही उभे. पुंडलिकराव हात गळ्यात बांधून आला होता. मालक गोडीनं म्हणाले, "मंगरू, खरं सांग. तुले घाट आवडते की नाई?"

प्रश्न बदलला होता. जड जातो का, असं विचारायचं ठरलं होतं. मी पुढं सरलो, पण मंगरूनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"आवडते, मालक."

मालकांनी माझ्याकडे बघून हात पसरले. 

"आवडते म्हणूनच सांगतो," मंगरू म्हणाला. "मले त्याचं भेव वाटत नाई तरी चढ जडच जाते, वळणात मी दरीकडं पाहत नाई. अन् ज्याले भेव वाटते त्याले तुम्ही चिडून धाडता. चिडून धाडासारखी ते जागा नोहे. पाळी लावा. मलेबी लावा."

मालक म्हणाले, तुला कशाला, तू राहा तिथं, तुला आवडतो ना?

"मले वेगळा काढू नका, मालक. माह्यं आवडणं माह्यापाशी राहू द्या."

पाळी लागली. सदाशिवराव शब्दाला जागले, एवढं त्यांच्या बाजूनं लिहितो.

हिंगणघाटच्या रस्त्यावर मंगरू कसा होता? नीट होता. मोटर वेळेवर नेई. पण पॅसेंजरांनी भोंग्याला हात लावला तर काही म्हणत नसे, आणि हे मला जंगलूनं मुद्दाम येऊन सांगितलं. भागाबाई खूश होती. नंतर एकदा तीही म्हणाली की माणूस रोज घरी येतो खरा, पण येऊन भिंतीकडं तोंड करून बसतो.

पुढं मनोहर नावाच्या ड्रायव्हरची पाळी आली. तो घाटाला इतका भ्यायचा की आदल्या दिवशी जेवला नाही. तो आणि मंगरू दोघं माझ्याकडे आले, अदलाबदल करू द्या म्हणून. मी नाही म्हटलं. आज तुम्ही दोघं आपसात बदलाल, उद्या मालक बदलेल आणि म्हणेल, यांनीच बदललं. मनोहर रडकुंडीला आला. मंगरू एवढंच म्हणाला, "मंग मी संग जाऊ शकतो का? पॅसेंजर म्हणून?" पॅसेंजर व्हायला युनियनची हरकत असायचं कारण नव्हतं.

सुटीच्या दिवशी तो तिकीट काढून मनोहरच्या शेजारी बसायचा. चढाच्या पायथ्याला क्लीनर ओरडला की इतरांसारखा उतरायचा नाही. मनोहरला एकच सांगायचा, वळणात दरीकडं पाहू नको, सरळ झालं की पाह्य. पहिल्या खेपेला मनोहरनं सरळ झाल्यावरही पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला पाहिलं. त्याची पाळी संपता संपता तो एकटाच चढायला लागला. पुढं पाचेक महिन्यांनी त्याची पाळी परत आली तेव्हा मंगरू स्टँडवर गेला आणि म्हणाला, मी येऊ का संग? मनोहर म्हणाला, "नको मंगरूदादा. रिकामी मोटर बरी वाटते."

हे मंगरूनंच मला सांगितलं. सांगताना हसला, मग हसणं थांबलं. "शिकवलं नसतं तं बरं झालं असतं," म्हणाला. मग म्हणाला, "नाई, बरंच झालं." यातलं खरं कोणतं, मी विचारलं नाही.

मी पुष्कळ मागण्या लिहिल्या, पुष्कळ जिंकल्या. आपल्याला काय सोसवत नाही ते आमच्या माणसांना धडाधड सांगता येतं, आणि आलंच पाहिजे. काय आवडतं ते मात्र आपण एकमेकांपासूनही लपवतो, कारण मालकाच्या हाती लागलं तर तो त्याचीच दोरी करून आपल्याला बांधतो. म्हणून एवढं करा. पुढच्या सभेत, मालकाचा माणूस आसपास नाही हे बघून, तुमच्या कामातली कोणती घडी तुमच्याकडून गेली तर तुम्हाला जड जाईल, ते शेजाऱ्याला सांगा. मागणी त्यानंतर लिहायला घ्या.