जिनं ऐकलं तिला आवतन

आमच्या गल्लीत कुसुमताई उमरीकर राहतात, हे नव्या भाडेकरूंना लवकर कळतच नाही. नांदेडच्या एका सरकारी कचेरीत त्या लघुलेखक होत्या. साहेबांच्या सभा चालायच्या आणि कुसुमताई कोपऱ्यात बसून शब्दन् शब्द टिपून घ्यायच्या. सगळी नोकरी सभांमध्ये गेली, पण "कुसुमबाई, तुम्हाला काय वाटतं?" असं कोणी चुकूनही विचारलं नाही. निवृत्त झाल्या आणि लगेचच वसंतराव, त्यांचे यजमान, गेले. मूलबाळ नाही. दिवसभर टीव्ही सुरू असायचा. काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही, कारण त्या बघत नव्हत्या. घरात कोणीतरी बोलत असावं एवढ्यासाठी तो लावलेला असे.

माझी पुतणी देविका लातूरला एका संशोधन संस्थेत आहे. पुढारपण म्हणजे काय आणि चार माणसं एकत्र काम करताना कशी वागतात, हा तिचा विषय. मी जन्मभर शाळेत मास्तरकी केली, त्यामुळे या विषयावर माझं मत विचारलं असतं तर फुकटात दिलं असतं. विचारलं नाही. पूर्वी या अभ्यासासाठी प्रश्नावली वाटायचे. "तुमचे प्रमुख तुमचं ऐकून घेतात का?" आता प्रमुख समोर बसलेले असताना कोण माईचा लाल "नाही" लिहील? म्हणून देविकाच्या मंडळींनी वेगळी वाट धरली. सगळ्यांची परवानगी घेऊन खऱ्याखुऱ्या सभेत रेकॉर्डर ठेवायचा. कोण कोणाला मधेच तोडतं, कोणाची सूचना शेवटी मान्य होते, अडचण आली की सगळे कोणाकडे वळतात, हे संगणकानं मोजायचं आणि ठिपक्या-रेघांचं जाळं काढायचं. खरा पुढारी खुर्चीत बसलाय की दारापाशी, ते त्या जाळ्यात दिसतं म्हणे.

घोडं अडलं ते बोलीपाशी. पुण्याच्या मराठीवर वाढलेल्या त्या संगणकाला आमच्याकडचं "करायलो" कळेना. म्हणजे आधी माणसानं ऐकायचं, प्रत्येक वाक्याला खूण करायची की ही आज्ञा, ही विनंती, हा होकार, ही टाळाटाळ. पुरेशा खुणा झाल्या की संगणक त्यावरून शिकणार. मी कुसुमताईंचं नाव सुचवलं. देविकानं त्यांना घरी येऊन काम समजावलं आणि एक नियम बजावून सांगितला, "काकू, सभा संपली की ऐकणं थांबवायचं. पुढचं आपलं नाही."

कुसुमताईंच्या वाट्याला नायगावकडच्या एका खेड्यातली बायकांची दूधसंस्था आली. अध्यक्ष विठाबाई, चिटणीस आरती. संशोधनात माणसांना नावं नसतात, आकडे असतात, पण बायका एकमेकींना हाक मारताना आकडे थोडेच म्हणणार? आणि त्या रेकॉर्डर बंद करायच्या विसरायच्या. सभा संपायची, चहा यायचा आणि खऱ्या गप्पा सुरू व्हायच्या. कोणाची म्हैस फळली नाही, कोणाच्या सासूनं जेवण सोडलं, विठाबाईच्या लेकीला, ऋतुजाला, जांभळा रंगच कसा लागतो. कुसुमताई नियम मोडून ते सगळं ऐकायच्या. एकेक फाइल दोनदोनदा. कधीतरी हसू यायचं, कधी त्या इकडून उत्तरही द्यायच्या. टीव्ही बंद झाला. मला म्हणाल्या, "भाऊ, त्या उठून गेल्या की मला माझंच घर मोकळं झाल्यासारखं वाटतं." मी चहा मागितला.

देविकानं त्यांना एकदा त्या संस्थेचं जाळं पडद्यावर दाखवलं होतं. सगळ्या रेघा विठाबाईकडे जात होत्या. भांडण असो, दूध नासलेलं असो, पाहुणा अधिकारी येणार असो, प्रत्येकीची रेघ तिच्याकडेच. पण एका सभेनंतर सगळ्या गेल्या आणि विठाबाई आरतीला हळूच म्हणाली होती, "आरते, ऋतुजा गेल्यावर मी त्या घरात एकली कशी ऱ्हाऊ गं? रातीला लई भेव वाटतंय. कोनाला बोलू नगस." ते कुठल्याच रेघेत नव्हतं. ते फक्त आरतीला ठाऊक होतं, आणि नांदेडात बसलेल्या कुसुमताईंना.

मग ती फाइल आली. सभा संपता संपता विठाबाई म्हणाली, "समद्यांनी ऐका. येत्या मंगळवारी ऋतुजाचं लगीन हाय. घरोघर फिरून आवतन द्यायला मला सवड न्हाई. जिनं जिनं ऐकलं तिला आवतन पोचलं. न्हाई आली तर माझ्याशी बोलू नगा."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे छापील पत्रिका आली तर लोक ती कपाटावर ठेवून देतात. तोंडी आवतन कानावर पडलं आणि गेला नाहीत, तर तो अपमान असतो आणि पुढं कित्येक दिवस बोलणी खावी लागतात. कुसुमताईंनी ते ऐकलं होतं. म्हणजे आवतन पोचलं होतं. मी म्हणालो, "अहो ताई, ते तुम्हाला कसं असेल?" तर मलाच फणकाऱ्यानं म्हणाल्या, "ऐकलं तिला, असं म्हणाल्या ना त्या?" यावर वाद घालणारा मी कोण? कित्येक दिवसांत त्यांना कोणी कुठं बोलावलं नव्हतं हेही मला ठाऊक होतं.

त्यांनी जांभळी साडी घेतली, नायगावची एसटी धरली आणि पुढं रिक्षानं त्या खेड्यात पोचल्या. मांडव दारातच होता. वराकडच्यांना वाटलं वधूकडच्या असतील, वधूकडच्यांना वाटलं वराकडच्या. कुसुमताईंची तर चंगळ झाली होती. पाठीमागून आवाज आला की त्या मनात नाव घ्यायच्या आणि वळून चेहरा बघायच्या. आरती इतकी बुटकी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ऋतुजाला साडी दिली तेव्हा ती खुश होऊन म्हणाली, "मावशी, माझा रंग कसा कळला तुमाला?" त्या नुसत्या हसल्या.

अक्षता पडल्या. विठाबाई सगळ्यांना पंगतीला बसवत फिरत होती, ताठ, कमरेला पदर खोचलेला. मुलीची आई, पण डोळ्यांत टिपूस नाही. संस्थेच्या बायका तिच्याकडे बघून कौतुक करत होत्या. ती जवळ आली, आणि कुसुमताईंना राहवलं नाही. तिचा हात धरून म्हणाल्या, "विठाबाई, ऋतुजा गेल्यावर भ्यायचं नाही. मीपण एकटीच असते. सुरुवातीच्या रात्री जड जातात, मग सवय होते."

विठाबाईचा चेहरा उतरला. तिनं कुसुमताईंना तुम्ही कोण असंही विचारलं नाही. ती आरतीकडे वळली.

"तुला बोलले होते म्या. एकट्या तुला."

"अक्का, देवाशपथ, म्या कोनालाच न्हाई..." आरती रडकुंडीला आली.

कुसुमताईंना तिथून निघून जाता आलं असतं. त्यांना कोणी ओळखत नव्हतं, पंगतीच्या गर्दीत कोणी अडवलंही नसतं. आरतीवर आळ राहिला असता आणि यांच्याकडे फायली येत राहिल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "तिनं नाही सांगितलं. मी ऐकलं. तुमच्या सभेत ते मशीन ठेवतात ना, ते सभेनंतरही चालू असतं. ते ऐकायचं काम माझ्याकडे आहे."

"चालू आसतंय?" विठाबाई म्हणाली. "आमी चहा पीत आसताना?"

"हो."

"समदं ऐकता तुमी?"

"हो."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काय काय बोललो ते प्रत्येकीला आठवत असणार. विठाबाईनं आपला हात सोडवून घेतला. "तुमाला कोनी बोलावलं?" तिनं विचारलं. कुसुमताईंनी आवतनाचं सांगितलं. विठाबाईनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग जेवून जा बाई. आवतन दिल्यालं हाय." आणि दुसऱ्या पंगतीकडे गेली. कुसुमताई जेवल्या. वाढणाऱ्यांनी बुंदी आग्रहानं वाढली, पण शेजारच्या पाटावर कोणी बसलं नाही.

दूधसंस्थेनं अभ्यासातून अंग काढून घेतलं. देविकाला वरून बरंच ऐकावं लागलं. मला आधी कुसुमताईंचा राग आला, पोरीच्या कामावर पाणी फिरवलं म्हणून. आणि मग स्वतःच्या रागाचीच लाज वाटली. देविका मात्र मोठ्या मनाची. तिनं त्यांना कामावरून काढलं नाही. "काकूंइतकं नीट कोणी करत नाही," म्हणाली. फक्त सगळ्या संस्थांना तिनं पुन्हा जाऊन सांगितलं की सभा संपताक्षणी यंत्र बंद करायचं, आणि का बंद करायचं तेही सांगितलं.

आता कुसुमताईंकडे मुदखेडच्या एका बचतगटाच्या फायली येतात. परवा मी गेलो तेव्हा त्या ऐकत बसल्या होत्या. मला खुणेनं थांबा म्हणाल्या आणि कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे दिला. सभा संपत आली होती. कोणीतरी आभार मानले, भांड्यांचा आवाज आला, चहा आला असावा. एक बाई हसून काहीतरी सांगायला लागली, तेवढ्यात दुसरी घाईघाईनं म्हणाली, "आगं थांब, ते आधी बंद कर. ती बाई ऐकती."

पुढं काही नव्हतं. मी तो परत दिला, तर कुसुमताईंनी फाइल पुन्हा सुरुवातीपासून लावली.