डांबर सोडायचं होतं

"डांबर सोडायचं नाही, साहेब," असं म्हणून मामा मला दंडाला धरून पुन्हा रस्त्यावर आणायचे.

आमच्या अंबडच्या कारखान्यापासून चहाच्या टपरीकडे जायला मोकळ्या प्लॉटमधून एक पायवाट होती. सगळा कारखाना त्या पायवाटेनं जायचा. मामा मात्र चौकापर्यंत चालत जाऊन, वळसा घालून, डांबरावरूनच टपरी गाठायचे. तोवर आमचे चहा पिऊन झालेले असायचे आणि त्यांचा गार झालेला असायचा. तो ते काही तक्रार न करता प्यायचे.

धंद्यातली सवय हाडात मुरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मामा ट्रेलर चालवायचे. आमच्याकडचे अवजड ट्रान्सफॉर्मर घेऊन एकतीस वर्षं ते देशभर फिरले. मी डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करणारा, म्हणून ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना मामा. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. एवढ्या वजनाच्या गाडीचं एक चाक जरी रस्ता सोडून मातीत गेलं, तरी माल आडवा आणि मालाबरोबर ड्रायव्हरही आडवा. त्यामुळे कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत गेलेल्या या माणसानं रस्त्याच्या कडेच्या मातीला कधी चाक लावलं नव्हतं.

आणि याच माणसाला एकदा डांबर सोडायचं होतं.

सातपूरला त्यांच्या घरासमोर एक जुनी जीप उभी असायची. कुठल्याशा सरकारी लिलावात घेतलेली. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवल्यावर ही एक त्यांची स्वतःची. ती घेऊन जैसलमेरच्या पुढं वाळूत जायचं आणि जिकडं तोंड असेल तिकडं चालवत सुटायचं, एवढीच त्यांची हौस. जुनी जीप एवढा पल्ला स्वतःच्या इंजिनावर गाठणार नाही, म्हणून ती पिकअपच्या मागं जोडून ओढत न्यायची. वाळूपाशी पोचल्यावर सोडवायची. पिकअप माझ्या धाकट्या भावाची. तिच्यातून मखमलाबादच्या मळ्यातली भाजी मार्केटला जाते. ती चालवणार मी. या सहलीत सुरुवातीला कारखान्यातले आणखी दोघं होते. एकानं पुढं नवी कोरी मोठी गाडी घेतली आणि तो बायकापोरांना घेऊन केरळला गेला, दुसऱ्यानं नुसतंच फोन उचलणं बंद केलं. मी उरलो.

लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी मामांना काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटी. गेलेलं परत येत नाही. ट्रेलर त्याच दिवशी सुटला. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की मामा कुणाकडं बघताना सगळी मान वळवून बघायचे ते काही रुबाब म्हणून नव्हे.

"रस्त्यावर मी आता चालवणार नाही," ते म्हणाले. "बाजूनं पोर आलं तर मला कळायचं नाही. पण वाळूत आडवं कोण येणार? समोर दिसतंय तोवर एकदा चालवून घेतो."

यावर घरात मामींचं आणि त्यांचं जे भांडण झालं, ते मी ऐकलंय. दोघं नामपूरकडचे, आपापसात अहिराणी बोलायचे.

"तठे काय शे?" मामी विचारायच्या. तिथं आहे काय एवढं?

"काहीच नही शे," मामा सांगायचे. "म्हनीसन तर जानं." काहीच नाही, म्हणूनच तर जायचं.

मामी पोळपाटावर लाटणं जरा जोरात आपटायच्या. त्यापुढं भांडण कधी गेलं नाही.

मग रविवारी रविवारी बेत सुरू झाला. मी वही घेऊन बसायचो, मामा सांगायचे आणि मी लिहायचो. दुसरा कुणी सापुताऱ्यावरून सरळ गुजरातेत उतरला असता. मामांनी सापुतारा पहिल्याच दिवशी खोडला. "चढाला इंजिन कळतं साहेब, उताराला मागची गाडी. ती पुढच्या गाडीला ढकलते. आपण धुळ्यावरून नवापूरला जाऊ, लांब पडलं तरी चालेल." मागं गाडी जोडलेली असली की रिव्हर्स घेता येत नाही, म्हणून चहाला कुठं थांबायचं हेसुद्धा चहावर ठरायचं नाही, बाहेर पडायच्या वाटेवर ठरायचं. "तिथला चहा फक्कड आहे," असं सांगून ते हळहळत म्हणायचे, "पण वळायला जागा नाही. खोडा."

मी फोनवर नकाशा उघडायचो तेव्हा त्यांना राग यायचा. नकाशातली बाई सांगायची, पुढं सरळ जा. "सरळ जा म्हणती! हिनं कधी पन्नास टायरचा ट्रेलर नेलाय का तिथून?" त्यांनी सांगितलेले निम्मे ढाबे बायपास झाल्यामुळे आता राहिलेलेच नव्हते. मी तसं सांगितलं की ते वहीवर बोट ठेवायचे. मग म्हणायचे, "असू द्या. लिहा तरी."

वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते हे त्यांना कुणीतरी सांगितलं, त्या दिवशी ते लहान मुलासारखे खूश झाले होते. "जन्मभर हवा भरत आलो, साहेब. आता सोडून बघू!" अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जीप ओढायला लोखंडी त्रिकोणी बार करून घेतला. तो पिकअपला एका जाड पिनेनं जोडायचा. मामांनी त्याची प्रत्येक वेल्डिंग बोटानं चाचपून बघितली आणि दोन जागी पुन्हा करायला लावली. वेल्डर वैतागला. पण दुसऱ्यांदा केलेलं काम बघून तोच म्हणाला, "म्हातारा बरोबर हाय."

सगळं तयार होतं. राहिलो होतो मी.

पहिल्या हिवाळ्यात मी म्हणालो, डिस्पॅचची घाई आहे, पुढच्या वर्षी जाऊ. दुसऱ्या हिवाळ्यात मुलीची बारावी होती. आता खरं सांगायचं तर तिच्या अभ्यासातलं मला अक्षर कळत नाही, मी घरात असून नसून सारखाच. तिसऱ्या हिवाळ्यात माझी पाठ दुखत होती. ती दुखत होती हे खरं आहे, पण ती बारा महिने दुखते. मी दमलेला असतो, एवढंच खरं कारण. सकाळी उठतो तेव्हाच दमलेला असतो. कारखाना, घर, गाडीचे हप्ते, आईचं दवाखान्यात नेणं-आणणं, आणि त्यात एका डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला वाळवंटात न्यायचं, त्याचं काही झालं तर जबाबदारी माझी. या विचारानंच मला झोप यायची. मामांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. "कामं आधी," म्हणायचे. "जीप कुठं पळून चाललीय?"

जीप पळत नव्हती. पळत काय होतं ते तिसऱ्या वर्षी मामींनी मला दारात गाठून सांगितलं. "भाऊ, काय करायचं ते लवकर करा. ताटात डाव्या अंगाला चटणी वाढली तर त्यांना दिसत नाय. उजवीकडं चाचपत बसतात." वर म्हणाल्या, "मी इचारलं तर म्हणतात, चटणी नको होती."

मी हो म्हणालो. आणि त्यानंतरही एक वर्ष गेलं.

चौथ्या हिवाळ्यात मात्र मी आठ दिवसांची रजा टाकली. मंजूर करून घ्यायला मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर दोनदा उभा राहिलो. दिवाळीपासून मी मामांकडे गेलो नव्हतो, सगळं फोनवर चाललं होतं. फोनवर त्यांचा आवाज खणखणीत होता.

निघायच्या सकाळी साडेसहाला मी सातपूरला पोचलो. बऱ्यापैकी उजाडलं होतं. पहिल्या पाळीचे कामगार मोटरसायकलींवरून चालले होते. मामा आंघोळ करत होते. मी पिकअप मागं घेऊन जीपसमोर आणली, बार जोडला, पीन टाकली, मागं लाल फडकं बांधलं. मामी डबे आणून पुढं ठेवत होत्या. त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. दमल्या असतील, असं मला वाटलं.

मामा बाहेर आले. स्वेटर, मफलर, पॉलिश केलेले बूट. भिंतीला हात लावत जीपपर्यंत आले आणि स्टिअरिंगवर बसले. हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रलला आहे ना ते हलवून बघितलं. मग समोर बघत म्हणाले, "घ्या साहेब, पिकअप घ्या की मागं. उशीर नको."

पिकअप त्यांच्यापुढं दोन हातांवर उभी होती. पांढरी शुभ्र, कालच धुतलेली.

मी मामींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मी नंतरही विचारलं नाही.

"घेतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मी पिकअपमध्ये बसलो, इंजिन चालू केलं, जागच्या जागी थोडा आवाज केला आणि उतरलो. जोडलेली पीन अर्धी वर उचलली आणि पुन्हा सोडली.

मामांनी आवाज ओळखला.

"पीन बसलेलीच होती ना, साहेब?"

मी पिनेवरचा हात काढला.

"पिकअप समोरच होती?"

"हो, मामा."

"किती लांब?"

"दोन हातांवर."

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. शेजारचा एक जण "मामा, निघाले का?" असं विचारत गेला. त्याला त्यांनी मान हलवून होकार दिला. मग त्यांनी सावकाश हँडब्रेक ओढला.

"तुमची रजा वाया गेली," ते म्हणाले. "मुश्किलीनं मिळाली होती."

तीन हिवाळे मी वाया घालवले होते आणि माफी ते मागत होते. मला तेव्हा रडू आलं, ते मी लाल फडकं सोडायच्या निमित्तानं मागं जाऊन आवरलं. मग आम्ही तिघांनी प्रवासासाठी केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी घरातच बसून खाल्ली. मामींनी चटणी त्यांच्या दशमीवरच ठेवली.

रजा रद्द करता आली असती. मी केली नाही. पुढचे पाच दिवस मी घरी झोपलो. दुपारी झोपलो, रात्री झोपलो. किती वर्षांनी अशी गाढ झोप लागली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सातव्या दिवशी मामींचा फोन आला. सातपूरची भाड्याची खोली सोडून दोघं नामपूरला दिरांकडे राहायला जाणार होते. सामान टेम्पोनं गेलं होतं. जीप राहिली होती.

आठव्या दिवशी मी तोच बार, तीच पीन जोडली. मामी माझ्याशेजारी पिकअपमध्ये बसल्या. मामांनी मागं जीपमध्ये बसायचा हट्ट धरला. "बारला माणूस लागत नाही," मी म्हणालो. "बार आपला आपण गाडी वळवतो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी नुसता बसतो."

पिंपळगाव गेलं, देवळा गेला, सटाणा आला. मामींनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. बारीच्या घाटातल्या वळणांवर तेवढं विचारलं, "काय करताहेत?"

मी आरशात बघितलं. मामा ताठ बसले होते, मफलर नीट गुंडाळलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं आणि त्यांचे हात त्याच्याबरोबर फिरत होते. समोरून बघणाऱ्याला वाटलं असतं, तेच चालवताहेत.

"चालवताहेत," मी म्हणालो.

नामपूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्यातून वाट काढत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, हवेत चांगलाच गारठा आला. दिरांच्या अंगणात गाडी थांबली. घरातली माणसं मामींभोवती जमली. मी पीन काढायला मागं गेलो, तेव्हा मामा उतरून, जीपला धरत धरत पुढं येत होते. गाडी मुक्कामाला लागली की इंजिन किती तापलंय ते बॉनेटवर तळहात ठेवून बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी हात ठेवला.

बॉनेट गार होतं. त्यांनी हात उचलला नाही.